डोमाजीची चंची

"बाटली कुठाय?" मी विचारलं.

"कोनती बाटली?"

"अहो, औषधाची. फवारणीच्या. कोणतं औषध होतं ते डॉक्टरांना कळायला नको का?"

"थे तं समदं याच्या आंगावर हाये," पेशंटची बायको म्हणाली.

आणि ते खरं होतं. डोमाजी नेवारे दुसऱ्यांच्या कपाशीवर मजुरीनं फवारणी करायचा. त्या दिवशी काम संपलं, बाटलीत निम्मं औषध उरलं, ते मालकाला परत द्यायचं म्हणून त्यानं बाटली कमरेला खोचली आणि धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधाबांधानं, निघाला. बूच सैल होतं. गाव येईपर्यंत बाटली रिकामी झाली आणि डोमाजी आडवा झाला. आधी बैलगाडीतून, मग जीपमधून त्याला आमच्याकडे आणलं, तेव्हाही बाटली कमरेलाच होती. रिकामी असली तरी मालकाची होती ना.

याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. मी तेव्हा जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डाची सिस्टर होते. इंगोले सिस्टर म्हटलं की पेशंट बिड्या विझवायचे, अशी माझी ख्याती. कापसाच्या मुलखात ऑक्टोबर महिन्यात पुरुषांच्या वॉर्डाला दुसरा आजार नसतो. एकेका कॉटवर दोघं, खाली गाद्यांवर आणखी, आणि सगळीकडे औषधाचा तो वास, लसूण रॉकेलात घालून उकळावा तसला. पहिले चार दिवस डोकं उठतं, मग नाक त्याला सरावतं आणि वास येईनासा होतो. संध्याकाळी घरी गेले की नवरा दारातच म्हणायचा, आधी आंघोळ कर. मी म्हणायचे, तुझं नाक फारच शहाणं.

डोमाजीच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तोंडाला फेस, गादी घामानं ओली, छातीत घुरघुर. आमचे डॉक्टर पाठराबे तेव्हा नुकतेच शिकून आलेले, चांगले हुशार, पण झोपेविना तारवटलेले. त्यांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "सिस्टर, अ‍ॅट्रोपिन. मी थांबा म्हणेपर्यंत."

या विषाला हाच उतारा. माणूस आतून पाण्यानं भरत जातो. हे इंजेक्शन त्याला कोरडं करतं. कमी पडलं तर तो स्वतःच्याच पाण्यात बुडतो. जास्त झालं तर जीभ लाकडाची होते आणि भ्रम होतो. आमचे पेशंट भ्रम झाला की हवेतून कापूस वेचायचे. पडल्यापडल्या दोन्ही हातांनी वेचायचे आणि पोटावरच्या नसलेल्या झोळीत टाकायचे. डॉक्टर राउंडला आले की पहिला प्रश्न हाच विचारायचे, "वेचतोय का?" वेचत असला तर डोस कमी करायचा.

पण त्याच्याही आधी अंग धुवायचं असतं. हे विष कातडीतून जातं, म्हणून अंगावरचं सगळं काढायचं, साबण लावून नखशिखान्त धुवायचं, केससुद्धा. शिकाऊ नर्सेसना मी दरवर्षी बजावायचे, "सगळं काढा. सगळं म्हणजे सगळं." डोमाजीची बंडी कापली, पायजमा कापला. कमरेचा करदोटा कापायला कात्री लावली तशी त्याची बायको किंचाळली.

"अवो बाई! जित्या मानसाचा करदोटा कापता का?"

"जिता राहावा म्हणूनच कापते. बाजूला व्हा."

कापला. माझ्या हातून असली कामं पटापट व्हायची, आणि त्याचा मला अभिमानही होता.

त्या करदोट्याला एक चंची बांधलेली होती. चंची म्हणजे तंबाखूची कापडी पिशवी. ही पाच रंगांच्या चिंध्या जोडून शिवलेली, तोंडाशी लाल नाडी, आत तंबाखू आणि चुन्याची डबी. मी ती कपड्यांसोबत कचऱ्याच्या पिशवीत टाकणार, तोच बायकोनं माझं मनगट धरलं.

"हे नका फेकू जी. शुद्धीवर आला का पयले हेच मागन. म्या शिवली हाये, लगनाच्या साली."

तिचं नाव पंचफुला. बारीक चणीची, चाळिशीची, हाताला फवारणीच्या दिवसांतही न सुटलेल्या हिरव्या बांगड्या. मी म्हटलं, बरं, ठेवते माझ्याकडे. चंची ओली होती, म्हणून खिडकीच्या गजाला वाळत घातली. दुसऱ्या दिवशी ती खडखडीत वाळली आणि मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली.

आता मी तंबाखू का ठेवून घेतला, हेही सांगून टाकते. माझे वडील याच वॉर्डात गेले. मी तेव्हा शिकाऊ होते. शेवटल्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि चिमूटभर तंबाखू मागितला. मी म्हटलं, बाबा, डॉक्टरांनी नाही सांगितलंय. ते म्हणाले, बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नव्हते. त्या 'बरं'चा मला आजही राग येतो, त्यांचा नाही, माझा.

तर डोमाजी तिसऱ्या दिवशी शुद्धीत आला. छाती कोरडी, नाडी चांगली. डॉक्टरांनी डोस उतरवला. सकाळची दहाची वेळ असेल, मी चार्ट भरत होते, तर हा मान वळवून माझ्याकडे पाहतोय.

"काय हवं?"

"बाई, तोंडाले पानी सुटलं," तो म्हणाला. "तीन दिस झाले, जीभ चपलीवानी वाटे. आता चिमूटभर भेटन का?"

मी इकडेतिकडे पाहिलं. डॉक्टर बायकांच्या वॉर्डात होते. मी खण उघडला, चंचीतला तंबाखू तळहातावर घेतला, चुना लावला आणि अंगठ्यानं मळला. वडिलांना लहानपणी मळून देत असे, हात विसरला नव्हता. दोन थापट्या मारल्या आणि त्याच्यापुढे हात केला. त्यानं क्षणभर माझ्या हाताकडे पाहिलं, मग चिमूट उचलून ओठाखाली धरली.

आमच्याकडे हा एक रिवाज आहे. भांडण असलं तर माणूस मळलेल्या तंबाखूचा हात दुसऱ्यापुढे करतच नाही. आणि हात केला, तर समोरच्यानं तो नाकारायचा नाही. खाणारा असो नसो, चिमूट घ्यायची. माझे वडील म्हणायचे, कोर्टात होत नाही ते तळहातावर होतं.

"मायबाप हात हाये तुमचा," डोमाजी म्हणाला. मला फार बरं वाटलं.

बारा वाजता त्याला दरदरून घाम सुटला. बाहुल्या पुन्हा टाचणीएवढ्या, छातीत घुरघुर. डॉक्टर पाठराबे धावत आले, इंजेक्शनांमागून इंजेक्शनं, संध्याकाळपर्यंत तो पुन्हा कापूस वेचू लागला.

"असं होतं कधीकधी," डॉक्टर म्हणाले. "विष चरबीत जाऊन बसतं आणि हळूहळू बाहेर येतं. डोस मी लवकर उतरवला."

हे पुस्तकात आहे आणि खरंही आहे. मी मान डोलावली.

दोन दिवसांनी तो पुन्हा सावरला. पुन्हा तोंडाला पाणी सुटलं, पुन्हा मी मळून दिला. पुन्हा दुपारी तोच तमाशा. या वेळी डॉक्टर पुस्तकातलं काही बोलले नाहीत, नुसतेच चार्टकडे पाहत राहिले. मलाही त्या दिवसांत बरं नव्हतं. डोकं दुखायचं, मळमळायचं, अक्षरं अंधुक दिसायची. म्हटलं चाळिशी आली. दुपारी सुट्टी झाल्यावर जाऊन चष्म्याचा नवा नंबर काढून आले.

पंचफुला कॉटजवळून हलत नसे. सकाळी जायची, गावच्या ओळखीच्या बाईकडे भाकरी थापून डबा घेऊन यायची, नवऱ्याला बारीक कुस्करून भरवायची. मला म्हणायची, "सिस्टरबाई, तुमी होत्या म्हनून. दुसरी कोनी तंबाखू देते का?"

आठव्या दिवशी तिसऱ्यांदा तेच झालं, आणि या वेळी त्याची मान गेली. या विषात अशी एक पायरी येते. माणूस बोलत असतो, डोळे उघडे असतात, पण उशीवरून डोकं उचल म्हटलं तर उचलत नाही. मान गेली की मागोमाग श्वास जातो. डॉक्टरांनी घशात नळी घातली आणि तिला रबरी फुगा लावला. श्वासाचं यंत्र आमच्या दवाखान्यात नव्हतं. नागपूरला होतं, पण तोवर तो टिकला नसता. फुगा हातानं दाबायचा. दाबला की छाती वर, सोडला की खाली. मिनिटाला पंधरा वेळा, आणि थांबायचं नाही.

"कोण दाबणार?" डॉक्टरांनी विचारलं. वॉर्डात साठ पेशंट आणि आम्ही तिघी.

"दाखवा मले," पंचफुला म्हणाली.

मंगळवारी दुपारी तिनं फुगा हातात घेतला. मी मधून तासभर घ्यायचे, एक शिकाऊ नर्स घ्यायची. बाकी वेळ ती. बसून दाबायची, उभी राहून दाबायची, आकडे तोंडानं मोजायची आणि पंधरानंतर पुन्हा एकपासून. बांगड्या आवाज करतात म्हणून तिनं त्या वर सरकवून पदराच्या चिंधीनं बांधून टाकल्या. बुधवारी संध्याकाळी डोमाजीनं स्वतःचा श्वास घेतला. तिची बोटं सरळ होईनात. मी गरम पाण्यात धरून एकेक सोडवली.

"वाचला का जी?" तिनं विचारलं.

"वाचला," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. मी सहसा वॉर्डात रडत नाही.

गुरुवारी सकाळी डॉक्टर पाठराब्यांनी मला बाजूला घेतलं. सोबत दवाखान्याच्या चौकीतले वासेकर हवालदार होते. विषाची केस पोलिसांकडे जातेच. वासेकर रोज येऊन नावं लिहून घ्यायचे आणि चहा पिऊन जायचे. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

"सिस्टर, हे चरबीतलं विष नाही," डॉक्टर म्हणाले. "तीन वेळा बरा झाला, तीन वेळा तसाच पडला. त्याला कुणीतरी इथं, वॉर्डात, पुन्हा विष देतंय."

"अगं बाई!" मी म्हटलं. "कोण देणार?"

वासेकरांनी वही उघडली. "त्याला खायला कोण देतं?"

मला प्रश्न कळला. मी कॉटकडे पाहिलं. पंचफुला नवऱ्याचे पाय चोळत होती, बोटं अजून वाकडीच.

"डबा तीच आणते," मी म्हटलं. "तिच्याच हातून खातो. दुसऱ्या कुणाच्या नाही."

खोटं काय होतं त्यात? वासेकरांनी लिहून घेतलं आणि मी सही केली. इतकी बाई राबली म्हणून काय झालं, असंही माझ्या मनात आलं; राबणाऱ्या बायकाही नवऱ्याला कंटाळतात. वीस वर्षं वॉर्डात काढल्यावर माणूस असला विचार करायला शिकतो, आणि त्याला अनुभव म्हणतो.

तिचं गाठोडं तपासलं. लुगडं, पितळेची वाटी, डब्यात दीड भाकरी आणि तिळाची चटणी. वासेकरांनी भाकरी सील करून तपासणीला पाठवायचं ठरवलं. डॉक्टरांनी तिला वॉर्डात यायला बंदी केली.

"म्या काय केलं?" तिनं मला विचारलं. डॉक्टरांना नाही, हवालदाराला नाही, मला.

"काही केलं नसेल तर भिऊ नका," मी म्हटलं. हे वाक्य मी आजवर ज्यांना ज्यांना ऐकवलं, त्यांची मला आता माफी मागावीशी वाटते.

त्याच दुपारपासून माझी दिवाळीची सुट्टी होती. मी अमरावतीला बहिणीकडे गेले. फराळ झाला, गप्पा झाल्या, डोकं दुखायचं थांबलं. गंमत म्हणजे नव्या चष्म्यानं सगळं वाकडं दिसायला लागलं आणि जुनाच बरा वाटू लागला. चष्मेवाल्याला मी मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या.

सहा दिवसांनी परत आले तर दवाखान्याच्या फाटकाशी लिंबाच्या झाडाखाली पंचफुला बसलेली. दिवाळी तिथंच झाली होती तिची. मी मान खाली घालून आत गेले. वॉर्डात डोमाजी उशीला टेकून बसला होता आणि स्वतःच्या हातानं दूधभात खात होता.

"पाहिलंत, सिस्टर?" डॉक्टर पाठराबे म्हणाले. "बायको बाहेर गेली आणि माणूस सहा दिवसांत उठून बसला. एकदासुद्धा पडला नाही. वासेकर आज तिला घेऊन जातायत. तुमचा जबाब आहेच."

वासेकर टेबलाशी बसून कागद नीट लावत होते. मी "हो" म्हटलं आणि कामाला लागले. दहाच्या सुमारास डोमाजीनं हाक मारली.

"आल्या का सिस्टरबाई? त्या दुसऱ्या बाईनं तं एक चिमूट देली नाई. म्हने खनाले हात लावाचा नाई." मग हळूच म्हणाला, "माही बायको कुठं गेली जी? कोनी सांगत नाई."

कुणाला उत्तर देता येत नसलं की आपण त्याला काहीतरी देतो. मी खण उघडला, चंची काढली, तळहातावर तंबाखू घेतला. चुना लावला. अंगठा फिरवला.

आणि वास आला.

सहा दिवस बहिणीकडे चकल्या आणि उटणं हुंगून माझं नाक धुतलं गेलं होतं. लसूण आणि रॉकेल. आधी वाटलं वॉर्डाचा असेल. खिडकीशी गेले, बाहेरची हवा घेतली, पुन्हा हात नाकाशी आणला. वास माझ्या हाताला होता. चंची नाकाशी धरली, आणि माझे डोळे पाणावले, रडून नव्हे.

बाटली कमरेला. चंची कमरेला. बाटलीतलं सगळं ज्या वाटेनं खाली गेलं, त्याच वाटेवर ही टांगलेली. सगळं काढा, सगळं म्हणजे सगळं. बंडी काढली, पायजमा काढला, जित्या माणसाचा करदोटा कापला, आणि ही मी मायेनं खिडकीत वाळवली.

मी चार्ट काढला. तिसरा दिवस, दुपारी बारा. पाचवा दिवस, साडेबारा. आठवा दिवस, बारा. तिन्ही नोंदी माझ्या अक्षरात, तिन्ही दिवशी सकाळची ड्यूटी माझी. मधल्या सहा दिवसांत नोंद नाही. बायको बाहेर गेली त्याच दिवशी मीही बाहेर गेले होते, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, माझ्यासुद्धा. माझं डोकं, माझी मळमळ, माझा चष्मा. मळताना मलाही थोडं थोडं चढत होतं, आणि मी म्हणत होते चाळिशी आली.

खरं सांगते, मी दोन-तीन मिनिटं तिथंच उभी राहिले. चंची कचऱ्यात टाकली असती तर कुणाला काही कळलं नसतं. डोमाजी बरा झाला असता, मी निवृत्त होईपर्यंत इंगोले सिस्टर राहिले असते, आणि ती बाई तुरुंगात गेली असती. वासेकर कागदांना टाचणी लावत होते. त्यांना टाचणी सापडत नव्हती म्हणून मला वेळ मिळाला.

मी हात साबणानं तीनदा धुतले, चंची ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रे त्यांच्या कागदांवर नेऊन ठेवला.

"डॉक्टर, याचा वास घ्या," मी म्हटलं. "जवळून नका घेऊ."

डॉक्टरांनी घेतला. माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. सांगायला एक मिनिटही लागलं नाही.

"तुम्ही?" ते म्हणाले. "सिस्टर, तुम्ही?"

"मीच."

डॉक्टर उठून डोमाजीच्या कॉटशी गेले. "डोमाजी, सिस्टर तंबाखू द्यायच्या, तो कसा लागायचा?"

डोमाजी माझ्याकडे पाहून संकोचला.

"बोल."

"वास ये जी," तो म्हणाला. "औषदाचाच. कडूही लागे."

"अरे मग बोलला का नाहीस?"

"आता साहेब," डोमाजी म्हणाला, "बाईनं सोताच्या हातानं मयून देला, हात समोर केला. नाई कसं म्हनू?"

माझ्या मायेला भिऊन तो माणूस तीन वेळा मरणाच्या दारात जाऊन आला होता.

वासेकर म्हणाले, "मग त्या बाईला आत बोलावतो."

"नको," मी म्हटलं. "मी जाते."

पंचफुला मला येताना पाहून उभी राहिली. तिला वाटलं, नवरा गेला. तिचा चेहराच तसा झाला. मी लांबूनच म्हटलं, "बरा आहे, बरा आहे." मग जवळ गेले आणि सांगितलं. चंचीत औषध मुरलं होतं. तंबाखू मी दिला. तीनदा. तुमची काही चूक नाही. माझी आहे.

तिनं ऐकलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं.

"म्हंजे," ती म्हणाली, "मी दोन दिस फुगा दाबत होती, तवा थे तुमच्या खनात होतं."

"हो."

"अन् माह्या भाकरीले पोलीस लावले."

"हो."

"तुमी सही केली."

मी पुन्हा हो म्हटलं. तिनं गाठोडं उचललं आणि माझ्या अंगावरून आत निघून गेली.

मला मेमो आला. मेट्रननी चारचौघींत झाडलं, ते बरंच झालं. वर्षभर मला बायकांच्या वॉर्डात टाकलं. भाकरीचा अहवाल आठ महिन्यांनी आला: नमुन्यात विष आढळले नाही. वासेकरांनी तो मला मुद्दाम आणून दाखवला.

पण डोमाजी घरी गेला तो दिवस सांगायचा राहिला. त्या चार दिवसांत पंचफुला माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी गोळ्या द्यायला गेले की ती खिडकीकडे तोंड करायची. डोमाजी मधल्या मध्ये अवघडायचा आणि उगाच म्हणायचा, आज हवा चांगली हाये. निघायच्या दिवशी डॉक्टर त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. मी व्हरांड्यातच थांबणार होते, पण पाय गेले मागोमाग.

फाटकाशी एसटीची वाट पाहत तिघं उभे राहिले. मी चार पावलं लांब. पंचफुलानं कनवटीची नवी पुडी काढली, दुकानातली, कागदाची. तळहातावर तंबाखू घेतला, चुना लावला, मळायला लागली. बोटं तिची अजून पुरती सरळ झाली नव्हती, म्हणून वेळ लागत होता. दोन थापट्या मारल्या. चिमूट नवऱ्याला दिली. डॉक्टर पाठराबे समोरच उभे होते. ते रस्त्यावरची एक म्हैस पाहू लागले. दुसरी चिमूट तिनं स्वतःच्या ओठाखाली धरली. हातावर थोडा उरला होता.

तो तिनं झटकला नाही. माझ्याकडे वळली आणि हात पुढे केला.

"घ्या," ती म्हणाली. चेहरा तसाच, रागाचा.

मी जन्मात तंबाखू खाल्ला नव्हता. उरलेला सगळा घेतला, ओठाखाली ठेवला. डोळ्यांसमोर अंधारी आली, घशाशी आग झाली, मी फाटकाचा गज धरला. एसटी आली. डोमाजीला तिनं हात धरून चढवलं, गाठोडं चढवलं, आणि दारात वळून माझ्याकडे पाहिलं.

"थुका आता," ती म्हणाली. "तुमाले नाई झेपनार."

बस निघेपर्यंत मी थुंकले नाही. नंतर लिंबाच्या झाडामागं जाऊन ओकले, आणि संध्याकाळपर्यंत मला उचकी लागली होती.